रहस्य नसलेले मरण

माणसाच्या मनाला काही प्रश्नांची ओढ उपजतच असते. 'पुढे काय झाले?' हा त्यांतला पहिला. मूल बोलू लागले की आजीला हाच प्रश्न विचारून भंडावते. 'कोणी केले?' हा दुसरा. वर्गात खडूंचा डबा उपडा झालेला दिसला की चाळीस मुलांच्या ऐंशी डोळ्यांत हा एकच प्रश्न उभा राहतो, आणि ज्याने डबा सांडला त्याच्या डोळ्यांत तो सर्वांत ठळक असतो. इतकी वर्षे मास्तरकी करून मी एवढे शिकलो, की ज्याच्या चेहऱ्यावर निरागसपणा जरा जास्त, त्याच्या बोटांना खडूची भुकटी हमखास सापडायची. रहस्यकथा लिहिणाऱ्याला याहून फार वेगळे काही ठाऊक असते असे मला वाटत नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांच्यावर आमच्या आधीची अख्खी पिढी पोसली, ती याच प्रश्नाच्या भुकेने.

या एका प्रश्नाच्या बळावर एक नाटक सत्तर वर्षांहून अधिक काळ चालले आहे. अगाथा ख्रिस्ती यांचे 'द माउसट्रॅप', म्हणजे उंदराचा सापळा, ६ ऑक्टोबर १९५२ रोजी नॉटिंगहॅमला प्रथम रंगमंचावर आले आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला लंडनच्या अँबॅसेडर्स थिएटरात दाखल झाले. १९७४ च्या मार्चमध्ये ते शेजारच्याच सेंट मार्टिन्स थिएटरात हलले, तेही खंड न पडू देता. २०१२ च्या नोव्हेंबरात त्याचा २५,००० वा प्रयोग झाला. करोनाच्या साथीमुळे १६ मार्च २०२० पासून पडदा खाली राहिला, तो १७ मे २०२१ रोजी पुन्हा वर गेला. आपल्याकडे शंभरावा प्रयोग झाला की नारळ फुटतो आणि पाचशेव्याला पाहुणे बोलावून सत्कार होतो. पंचवीस हजार हा आकडा ऐकल्यावर मला नाटकापेक्षा एखाद्या देवळाच्या काकडआरतीचीच आठवण झाली.

माझा एक भाचा नोकरीनिमित्त लंडनला असतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत त्याने हट्टाने मला तिकडे नेले, आणि मामा कादंबऱ्या लिहितो म्हणून या नाटकाची तिकिटे काढली. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. इंग्रजी पानावर असले की वाचता येते, पण कानावर पडले की निसटते. म्हणून नाटकाचे पुस्तक मिळवून पहिला अंक मी शब्दकोश घेऊन आधी वाचून काढला. दुसरा अंक वाचू लागणार तोच भाच्याने पुस्तक काढून घेतले. "मामा, हे आता परतीच्या विमानात," तो म्हणाला. त्याच्या त्या शिस्तीमुळे नाटक जसे पाहायला हवे तसे मला पाहता आले.

थिएटरच्या दर्शनी दालनात एक लाकडी फलक आहे. त्यावर आजचा प्रयोग कितवा ते रोज बदलून लावतात, आणि लोक त्याच्याशेजारी उभे राहून छायाचित्रे काढून घेतात. आत पडदा वर गेला की एका जुन्या बंगल्याचे दिवाणखान्यासारखे मोठे दालन दिसते. शेकोटीच्या वरच्या फळीवर एक घड्याळ आहे. १९५२ च्या पहिल्या प्रयोगातल्या सामानापैकी तेवढे एकच आता उरले आहे. नट बदलले, खुर्च्या बदलल्या, पडदे बदलले. घड्याळ मात्र तेच. कथा थोडक्यात अशी : एका तरुण जोडप्याने नुकतीच खाणावळवजा अतिथिगृहाला सुरुवात केली आहे. बाहेर बर्फ पडून वाटा बंद झाल्या आहेत. एकेक पाहुणा येतो, प्रत्येकजण थोडा विचित्र. लंडनमध्ये एका बाईचा खून झाल्याची बातमी रेडिओवर लागते. मग बर्फावरून घसरपट्ट्यांवर घसरत एक पोलीस अधिकारी येतो आणि सांगतो, खुनी या घरात येणार आहे, किंवा आलाच आहे. याच्यापुढे मी सांगणार नाही. कारण शेवटी टाळ्या थांबवून एक नट पुढे आला आणि त्याने आम्हां सर्वांना विनंती केली, की रहस्य आपल्यापाशीच ठेवा. सगळे हसले, सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

या वचनाचे मला मोठे नवल वाटले. त्यासाठी कोणी सही घेत नाही, मोडले तर दंड नाही. एकमेकांना कधी न भेटलेली माणसे, कधी न भेटणाऱ्या माणसांच्या सुखासाठी पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट पोटात ठेवतात. शेवट आज कुठेही छापलेला सापडेल. ज्याला हवा त्याला मिनिटात मिळेल. तरीही समोरासमोर कोणी तो सांगत नाही. समाज म्हणून माणूस किती सहज चांगला वागू शकतो, याचा हा एक छोटासा दाखला आहे. उद्या दाराशी येणाऱ्या अनोळखी माणसासाठी आज काही राखून ठेवणे, हा तर सगळ्या नीतीचा पाया.

पण खरे सांगायचे तर माझ्या मनात घर करून राहिले ते दुसरेच काही. शेवटच्या पाच-सात मिनिटांत गुन्हेगाराचे नाव फुटले, तेव्हा प्रेक्षागृहातून एक हलकासा सुस्कारा गेला. तो आश्चर्याचा होताच, पण त्यात सुटकाही होती. दोन तास ज्या ज्या पात्राकडे आम्ही संशयाने पाहिले होते, ती सारी त्या क्षणी निर्दोष झाली. तो तिरसट, ती फटकळ, तो फार गोड बोलणारा. सगळ्यांची खोडी केवळ स्वभावाची ठरली. रहस्यनाटकाचे खरे सुख गुन्हेगार सापडण्यात जेवढे असते, त्याहून अधिक बाकीचे सगळे सुटण्यात असते. त्या सुटलेल्यांत प्रेक्षकही येतो. पाप एका माणसाच्या अंगाला चिकटून रंगमंचाबाहेर जाते आणि आपण स्वच्छ हातांनी घरी जातो. पंचवीस हजार प्रयोगांना पुरून उरणारी भूक ही असावी.

याच्या उलट रचनेचे एक नाटक आपल्याकडेही वर्षानुवर्षे चालले. आचार्य अत्रे यांच्या 'तो मी नव्हेच' या नाटकाचा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत झाला. माधव काझी याच्या खऱ्या फसवणूक प्रकरणावर ते बेतलेले. खून त्यात केंद्रस्थानी नाही, पण कोर्ट आहे, आरोपी आहे, साक्षीदार आहेत. आणि रहस्य? ते जवळजवळ नाहीच. प्रभाकर पणशीकर फिरत्या रंगमंचावर वेगवेगळ्या पाच वेषांत समोर येत, आणि लखोबा लोखंडे हा तोच माणूस आहे हे पिटातल्या पोरालाही ठाऊक असे. तरीही लोक पुन्हा पुन्हा जात. कशासाठी? 'कोणी केले' हे जाणून घेण्यासाठी खास नव्हे. इतका ढळढळीत पुरावा समोर असताना एक माणूस किती शांतपणे, किती सभ्यपणे 'तो मी नव्हेच' म्हणू शकतो, ते पाहण्यासाठी. इंग्रजी नाटकाने विचारले, 'तो कोण?' मराठी नाटकाने त्याच्यापेक्षा अवघड प्रश्न विचारला : तो कोण हे सर्वांना दिसत असताना, तो स्वतः ते कबूल का करीत नाही?

हा फरक मला नुसता नाट्यशास्त्रातला वाटत नाही, आणि त्याचे कारण 'माउसट्रॅप'च्या मुळाशी आहे.

१९४५ च्या जानेवारीत इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात, मिन्स्टर्लीजवळच्या एका शेतावर, डेनिस ओनील नावाचा बारा वर्षांचा मुलगा मरण पावला. न्यूपोर्टच्या नगरपालिकेने त्याला आणि त्याच्या धाकट्या भावाला तिथल्या शेतकरी जोडप्याकडे पालनपोषणासाठी ठेवले होते. त्याला मारहाण झाली होती, आणि खायला पुरेसे मिळत नव्हते. खटला झाला. शेतकऱ्याला सदोष मनुष्यवधाबद्दल सहा वर्षांची, त्याच्या बायकोला सहा महिन्यांची शिक्षा झाली. या घटनेने सारा देश हादरला. दोन वर्षांनी, १९४७ मध्ये, अगाथाबाईंनी रेडिओसाठी एक छोटी नाटिका लिहिली. तिच्यामागे या प्रकरणाची प्रेरणा होती असे मानले जाते, आणि तिचेच पुढे 'माउसट्रॅप' झाले. नाटकातही एका शेतावर ठेवलेल्या, हेळसांडीने मेलेल्या मुलाची कथा पायाशी आहे. ती पहिल्या अंकातच कळते, तेव्हा हे सांगण्याने माझे वचन मोडत नाही.

आता गंमत पाहा. गंमत हा शब्द इथे बोचतो, पण दुसरा सुचत नाही. नाटकातल्या खुनांत रहस्य आहे. ज्या मुलाच्या मरणातून नाटक उगवले त्या मरणात रहस्य मुळीच नव्हते. कोणी मारले ते पहिल्या दिवशीच ठाऊक होते. सर वॉल्टर मंक्टन यांनी सरकारतर्फे जी चौकशी केली तिच्यात वेगळेच निघाले. मुलांना ठेवणारी नगरपालिका एका परगण्यातली, शेत दुसऱ्या परगण्यात. त्यांच्यावर देखरेख कोणी करायची याचाच घोळ होता. मृत्यूच्या काही दिवस आधी एका कर्मचारी बाईंनी शेतावर भेट देऊन मुलांना तेथून हलवावे असे कळवलेही होते. हलवणे झाले नाही. म्हणजे कागद होते, भेट होती, शिफारस होती. मूल मात्र गेले. हे रंगमंचावर कसे आणणार? इथे शेवटच्या पाच मिनिटांत ओढून काढायला नावच नाही. म्हणून नाटक त्या मरणाच्या पुढे सरकते आणि जिथे नाव आहे तिथे जाऊन बसते. यात मी लेखिकेला दोष देत नाही. मीही कथा लिहितो, कथेला चेहरा लागतो हे मला ठाऊक आहे. पण जे मरण कथेत मावत नाही, त्याचे करायचे काय, हा प्रश्न उरतो.

मी ज्या भागात राहतो आणि शिकवतो, तिथे हा प्रश्न पुस्तकातला नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या पाड्यांत कुपोषणाने मुले गेली. शंभराहून अधिक गेली, असे तेव्हापासून सांगितले जाते. मी तेव्हा शाळेत होतो. गावात मोटारींची रांग लागली एवढेच मला कळले होते. इतक्या मोटारी आम्ही पोरांनी एकदम कधी पाहिल्या नव्हत्या. त्या वेळी आमचा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. २०१६ साली मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी वर्तमानपत्रे पुन्हा भरली, पुन्हा मोटारी आल्या. मध्यंतरी काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. अंगणवाड्या वाढल्या, वजने होऊ लागली, गरोदर आणि बाळंत बायांना ताजे जेवण देण्याची योजना २०१५ पासून सुरू झाली, आणि त्यामुळे जगलेली मुले माझ्या वर्गात बसतात. पण मोटारींच्या मधल्या काळात जे घडत असते ते मास्तराला दिसते. आमच्याकडे मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊनच शाळेत येते. आई रानात किंवा मजुरीला गेलेली असते. पाढे म्हणता म्हणता ती त्याला डोलावते. मग एखाद्या श्रावणात ती चार दिवस येत नाही, आणि पाचव्या दिवशी येते ती एकटी. कडेवरचा भार गेल्यामुळे तिचे चालणेसुद्धा वेगळे दिसते. वर्गात कोणी काही विचारत नाही. सगळ्यांना ठाऊक असते.

कोणी मारले त्याला? दाखल्यावर लिहिलेले असते : न्यूमोनिया, जुलाब, जन्मतः कमी वजन. तेही खोटे नसते. भुकेने अंगातली ताकद गेलेल्या मुलाला साधी सर्दीही पुरते. आता एकेकाला साक्षीला बोलवा. बाप म्हणतो, दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलो नसतो तर पावसाळ्यात घरात दाणा कुठून आला असता? भट्टीवाला म्हणतो, मी उचल दिली, घर चालवले. डॉक्टर म्हणतात, आणले तेव्हा फार उशीर झाला होता. गाडीवाला म्हणतो, ओढ्याला पूर होता. कचेरीतले म्हणतात, रोजगार हमीचे पैसे वरून यायचे होते. वरचे म्हणतात, खालून कागद आला नाही. मास्तर म्हणतो, मूल अजून माझ्या पटावर नव्हते. आणि मुंबईकर म्हणेल, माझा यात संबंध काय? त्याला एवढेच सांगायचे, की त्याच्या नळाला येणाऱ्या पाण्यातला काही भाग मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे इथल्या मध्य वैतरणा धरणात साठतो. आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर एप्रिल लागला की बाया टँकरची वाट पाहत बसतात. सगळे साक्षीदार एकामागून एक येतात आणि एकच वाक्य बोलून जातात : तो मी नव्हेच. अत्र्यांचा लखोबा खोटे बोलत होता. ही माणसे बहुतेक खरेच बोलत असतात. तिथेच सगळी अडचण आहे.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सगळेच जबाबदार म्हटले की कोणीच जबाबदार राहत नाही. 'आपण सारेच गुन्हेगार आहोत' हे वाक्य व्यासपीठावरून फार छान वाटते. बोलणाऱ्याचा गळा भरून येतो, ऐकणारे डोळे टिपतात, आणि घरी जाऊन सगळे जेवतात. रहस्यनाटक एकाला दोषी ठरवून बाकीच्यांना सोडते, हे वाक्य सगळ्यांना दोषी ठरवून सगळ्यांनाच सोडते. परिणाम एकच.

या पेचातून निघायची वाट त्या इंग्रज मुलाच्या मरणानंतर जे झाले त्यात मला दिसते. १९४६ मध्ये कर्टिस समितीचा अहवाल आला आणि १९४८ मध्ये मुलांसंबंधीचा कायदा झाला. त्या कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला एक बालअधिकारी नेमणे भाग पाडले. वरवर पाहता ही किती रूक्ष गोष्ट! आणखी एक पद, आणखी एक टेबल. पण तिचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. 'कोणी मारले?' हा प्रश्न मरणानंतरचा. कायद्याने त्याच्याजागी मरणाआधीचा प्रश्न ठेवला : 'या मुलाबद्दल कोणाला विचारायचे?' आणि त्याला एका माणसाचे उत्तर दिले. दोष आणि जबाबदारी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दोष मागे वळून शोधायचा असतो. जबाबदारी पुढे पाहून स्वीकारायची असते. दोषी नसलेला माणूसही जबाबदार असू शकतो. किंबहुना जो दोषी नाही त्यानेच ती घ्यायची असते, कारण दोषी माणूस ती घेत नाही. घरात आजारी माणसाच्या उशाशी आज रात्री कोण जागणार, हे ठरवताना आपण आजार कोणी आणला याची चौकशी करीत बसत नाही. इंग्लंडात त्यानंतर मुलांचे हाल संपले असे नाही. पण निदान 'तो मी नव्हेच' म्हणायची सोय एका माणसापुरती तरी बंद झाली. चांगल्या समाजाची खूण मी हीच मानतो, की त्यात ही सोय कमी कमी होत जाते.

न बोलण्याचेही असेच दोन प्रकार आहेत. नाटकाचा शेवट न सांगणारा गप्प असतो तो दुसऱ्याच्या सुखासाठी. एकट्या आलेल्या त्या पोरीला काही न विचारणारा वर्ग गप्प असतो, त्यात दुःखाचा मान राखणे असते, आणि तेही मी समजू शकतो. पण कागदावर कारण लिहून, खाली रेघ ओढून जे गप्प होणे असते, ते स्वतःच्या सोयीसाठी असते. बाहेरून तिन्ही सारखीच शांत दिसतात. पहिली दोन जपायची, तिसरे मोडायचे. आणि आपण यांतल्या कोणत्या प्रकाराने गप्प आहोत हे ओळखणे ज्याचे त्यालाच जमते.

'माउसट्रॅप' हे नाव मुळात शेक्सपिअरच्या हॅम्लेटकडून आलेले आहे. राजाचे मन पारखण्यासाठी हॅम्लेट दरबारात एक नाटक करवतो आणि त्याला 'उंदराचा सापळा' म्हणतो. त्या सापळ्यात सापडायचे होते ते प्रेक्षकांत बसलेल्याचे मन. खुनी कोण हे त्या नाटकात दडवलेलेच नव्हते. लंडनच्या सापळ्यात पात्र सापडते आणि प्रेक्षक सुटतो. अर्थात दिवसभर राबून आलेल्या माणसाने दोन तास सुटावे, यात वाईट काय? मीही सुटलो, आणि मला आनंद झाला. फक्त ती सुटका थिएटरपुरती आहे, एवढे भान राहावे.

आमच्या मोखाड्याला बोहाडा होतो. जगदंबेच्या नावाने रात्ररात्र सोंगे नाचतात. गणपती येतो, शारदा येते, मग एकामागून एक देव आणि राक्षस, संबळाच्या तालावर, लाकडाचे आणि कागदाच्या लगद्याचे मोठमोठे मुखवटे चढवून. कोणते सोंग कोणत्या घराण्याने घ्यायचे हे ठरलेले असते. मुखवट्याखाली शेजारचा कोण आहे हे पोरांनाही ठाऊक असते. अखेरीस जगदंबा महिषासुराला मारते. कोण मारणार, कोण मरणार, यात तिळमात्र रहस्य नाही. पाड्यापाड्यांवरची माणसे अंधारातून चालत येतात ती ठाऊक असलेला शेवट पाहायला. पूर्वी मला वाटे, यात पाहण्यासारखे काय? आता वाटते, जो राक्षस एकदा मारून मरत नाही, त्याच्यासाठी दुसरी पद्धत नसावी. त्याला दरसाल मारावे लागते, आणि दरसाल कोणा एका घराने पुढे होऊन देवीचा मुखवटा आपल्या डोक्यावर घ्यावा लागतो. तो जड असतो. पण यंदा तो कोणी घ्यायचा, हे गावात कोणाला विचारावे लागत नाही.